पडद्यावरची कोरी जागा

पोळ्याच्या दिवशी घरी नव्हते म्हणून आई अजून टोमणे मारते. खरं तर मी हिंडायला जाणारी बाई नाही. मी कुठे जाते ती पत्रकांचा गठ्ठा घेऊन. परभणीत आम्ही काही पोरंपोरी तळी वाचवायचं काम करतो. म्हणजे तळ्यात मुरूम टाकणाऱ्यांच्या नावाने पत्रकं काढतो, बाजाराच्या दिवशी वाटतो, निवेदनं देतो आणि शिव्या खातो. त्यातली पत्रकं लिहायचं काम माझं. त्यामुळे मला सगळं लगेच कळतं अशी माझी समजूत होती. भाईंदरच्या तीन दिवसांत ती बरीच ओसरली, म्हणून हे लिहून ठेवतेय.

बोलावणं आलं दळवी सरांचं. सर मूळचे रत्नागिरीचे, भाईंदरच्या शाळेतून निवृत्त झालेले. नवघर गावाच्या कडेला एक तळं आहे. ते बुजवून तिथे इमारत बांधायचा एका कंपनीचा अर्ज होता आणि अर्जात त्या जागेचं वर्णन ‘कोरडी व सपाट’ असं केलं होतं. बुधवारी सुनावणी. तिथे पाणी आहे हे सिद्ध झालं नाही, तर भराव पडणार. सरांनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. एका घरातला जुना रंगवलेला पडदा, त्यावर अख्खं गाव: डोंगर, शेतं, मिठागरं, शिडाच्या होड्या. मधोमध पांढरंशुभ्र काहीतरी चमकत होतं. मी लगेच ओळखलं की हे तळं, वर ऊन पडलंय. तासाभरात पत्रक लिहिलं. वर फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: ‘हे चित्र पाहा. चित्रकाराला दिसलेलं तळं साहेबांना का दिसत नाही?’ छापून घेतलं, गठ्ठा बांधला आणि निघाले.

सोमवार, बेव्हर्ली पार्क

माझी मावशी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहते. नाव ऐकून वाटलं होतं, झाडंबिडं असतील. होत्या त्या इमारती, एकीच्या खिडकीतून दुसरीचं जेवण दिसेल अशा. मावशी एका दवाखान्यात आया आहे. तिच्या भिंतीवर आमच्या घरातल्यासारखीच बुद्धाची तसबीर, तशीच निळी झालर, आणि खाली वॉशिंग मशीन. ज्वारीचं पीठ ती परभणीहून मागवते. मी चार किलो नेलं होतं.

खाली भाजी घ्यायला गेलो. मावशी म्हणाली, “भैया, मेथी कैसे दिया?” तो म्हणाला, “बीस का एक, दीदी.” मग गाडीवरच्या पोरीला त्याने शुद्ध मराठीत सांगितलं, “पिशवी दे गं त्यांना.”

मी मावशीला म्हटलं, “तो मराठी आहे. तू मराठी आहेस. मग हिंदीत का भाव करायलीस?”

“सवय गं. आधी हिंदीत बोलायचं, मग बघायचं कोण कुठलं निघतंय.”

“हे बरोबर नाही.”

“मेथी बरोबर आहे का बघ,” मावशी म्हणाली.

सर मंगळवारी भेटणार होते. पण मला दम कुठला. संध्याकाळी मी एकटीच नवघरला गेले. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना टॉवर, आणि मध्येच एक गल्ली वळते नि एकदम गाव लागतं. बैठी घरं, तुळशी, दारात वाळत घातलेली जाळी. गल्लीच्या टोकाला तारेचं कुंपण, पलीकडे तिवराची झुडपं आणि त्यांच्या मधोमध तळं.

तळं कसलं, चिखल. काळा, चकचकीत, वास मारणारा चिखल. दोन होड्या कुशीवर आडव्या पडलेल्या, छोटे खेकडे इकडून तिकडे पळत होते. माझं डोकं फिरलं. सुनावणीच्या दोन दिवस आधी पाणी गायब. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येत होती. तिला विचारलं.

“मावशी, इथलं पाणी कुठे गेलं?”

“गेला.”

“कधी?”

“दुपारी.”

“कुणी नेलं?”

बाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग अशी हसली की पाटी सावरायला तिला दोन्ही हात लावावे लागले. तशीच निघून गेली. मी समजले, गावाला धमकावलंय.

मावशीच्या ओट्याला टेकून मी मजकूर लिहिला आणि चिखलाच्या फोटोसकट सरांच्या ग्रुपवर टाकून दिला: ‘आज भरदुपारी नवघरचं तळं उपसून नेण्यात आलं. थेंबभर पाणी शिल्लक नाही. जबाबदार कोण?’

मावशी भाकरी थापत म्हणाली, “उपसायला मोटारी लागतात ना? आवाज झाला असेल की.”

“मावशी, तू यात पडू नको.”

“बरं,” मावशी म्हणाली.

मंगळवार, नवघर

दळवी सर तारेच्या कुंपणाशी छत्री टेकवून उभे होते. दुपारचे साडेबारा. त्यांनी छत्रीच्या टोकाने समोर दाखवलं.

तळं काठोकाठ भरलं होतं. कालच्या दोन्ही होड्या सरळ उभ्या राहून हलत होत्या. तिवराची झुडपं कमरेपर्यंत पाण्यात. मी तिथेच बसले.

“मुली,” सर म्हणाले, “याला भरती म्हणतात. संध्याकाळी ओहोटी लागते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा जातं. त्यात काल अमावास्या. अमावास्येची ओहोटी लांबवर जाते.”

शाळेत शिकले होते मी. परीक्षेत लिहिलंही होतं. पण परभणीत पाणी गेलं म्हणजे गेलं. परत येण्यासाठी जाणारं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पोळ्याला अमावास्या असते ती बैलांसाठी. तिचा पाण्याशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

“ग्रुपवरचा मजकूर काढा,” मी म्हटलं.

“काढला. पण वाचलेल्यांच्या डोक्यातून कसा काढणार?” सर म्हणाले. रागावले नव्हते. त्याचंच जास्त वाईट वाटलं. “चल, पडदा बघ. तो तरी आपला भक्कम आहे.”

पडदा पांडूकाकांचा. काका गावातलेच आगरी. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतात. त्यांच्या वडिलांनी गावच्या नाटकांसाठी पडदे रंगवले आणि घरच्या गणपतीमागे लावायला हा एक. दरवर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी तो ट्रंकेतून निघतो. आम्ही गेलो तेव्हा ओटीच्या भिंतीला लटकत होता आणि काका खालची चीर टाक्यांनी सांधत होते.

आता तो पडदा नीट सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

दोन साड्या शेजारी धराव्यात एवढा तो रुंद. मागे डोंगर, त्याचा उजवा खांदा सलग उतरत खाडीपर्यंत आलेला. डोंगराखाली भातशेतं, काही हिरवीगार, काही कापलेली, आणि त्यांच्या शेजारी खळ्यावर मळणी चाललेली. म्हणजे आषाढ आणि कार्तिक शेजारीशेजारी. पलीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी, तो उन्हाळा. एका विहिरीची सावली डावीकडे पडलेली, कौलारू शाळेची उजवीकडे. बैलगाडीच्या वाटेला लागून पिवळा टेलिफोन बूथ, त्यावर बारीक अक्षरांत लोकल आणि एसटीडी. बैलगाडी आणि बूथ एकाच काळातले कसे, असं मनात येईतो नजर पुढे सरकायची. चिंचेचं झाड, धोब्याचा दगड, तंबूतला सिनेमा. सगळं बारकाईने काढलेलं, झाडाची पानं मोजता येतील इतकं. आणि माणूस एकही नाही. बैल आहेत, गाडी हाकणारा नाही. शिडाची होडी आहे, नावाडी नाही.

बघताना मला कसंतरीच व्हायला लागलं. सुट्टीच्या दिवशी चुकून शाळेत गेल्यावर वर्गांची दारं उघडी दिसावीत आणि आत कुणी नसावं, तसं. भीती नाही. दुःखही नाही. आपणच काहीतरी विसरलोय, कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगितलं होतं आणि ते आठवत नाही, असं. वाटाच बघा: सगळ्या वाटा वळत वळत पडद्याच्या मधोमध येत होत्या, आणि मधोमध काही नव्हतं.

काही नव्हतं म्हणजे रंगच नव्हता. परातीएवढा मांजरपाटाचा कोरा तुकडा, काठाशी सगळे रंग नेमके थांबलेले आणि आत नुसतं कापड. माझ्या फोटोत चमकत होतं ते हे. ऊन नाही, पाणी नाही. कोरं कापड. आणि ते माझ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर छापलेलं होतं.

“काका, तळं कुठाय?”

“हाय ना तिकरं,” काकांनी सुईने दाराबाहेर दाखवलं.

“इथे का नाही काढलं?”

“हाय तर कशाला काढू?”

मला यातलं काही उमगलं नाही. सरांकडे बघितलं तर सर चष्मा पुसत होते. त्यांनाही हा तुकडा आजवर पाणीच वाटला होता. मी जे बोलले ते मला इथे लिहायला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, “काका, खरं सांगा. तळं काढू नका म्हणून कुणी सांगितलं का तुम्हाला? कंपनीची माणसं आली होती?”

काकांची सुई थांबली. काकी आतून चहा घेऊन येत होत्या. कप माझ्यापुढे न ठेवता त्यांनी तो सरांपुढे ठेवला. सरांपुढे दोन कप झाले.

“सर, ही कंची?” काकींनी विचारलं.

“परभणीची.”

“लांबशी आली,” काकी म्हणाल्या, “तरी लई लवकर पोचली.”

मंगळवार दुपार, वरसावे

मला एवढंच सुचलं की निदान चित्र जिथून काढलंय ती जागा शोधावी. डोंगर जुळला तर पडदा खरा, आणि खरा असेल तर मधली जागा का कोरी ते कुणीतरी सांगेल. सरांनी सांगितलं, डोंगर घोडबंदरच्या बाजूचा, वरसाव्याच्या पुलाकडे जा. गेले. ट्रकमागे ट्रक. पुलाच्या अलीकडे एक चहाची टपरी, तिथल्या बाकावर बसून मी पत्रक समोर धरलं आणि डोंगराशी जुळवायला लागले. शेंडा जुळला. डावी बाजू जुळली. उजवा खांदा मात्र कुठेच नाही. चित्रात तो सलग उतरतो. समोर मोठी पायरी तोडल्यासारखा सरळ कडा होता.

टपरीवालीने माझ्या हातातला कागद बघितला. रायगडकडची बाई, अलिबागजवळचं माहेर, हे तिने न विचारता सांगितलं.

“हा खांदा शोधतेयस? तो कापला. खडीसाठी. मी लग्न करून आले तेव्हा थोडा शिल्लक होता.”

“म्हणजे चित्र त्याआधीचं?”

“असेल. दाखव बरं.” तिने कागद डोळ्यांजवळ नेला. “नाय गं. हा पिवळा बूथ नवघरच्या नाक्यावरचा. तिथून मी भावाला फोन करायची. तेव्हा डोंगर केव्हाच कापलेला होता. दोन्ही एकत्र मी नाही बघितली कधी.”

“मग चित्रकाराने कसे काढले?”

“मला काय विचारतेस? आणि हा बूथ तरी आता कुठाय.”

चहा हातात तसाच राहिला. डोंगराचा खांदा नाही. बूथ नाही. मग मी सरांना फोन लावला आणि एकेक विचारत गेले. विहीर? बुजवली. कौलारू शाळा? पाडली, तिथे आता सिमेंटची आहे. खळं? त्यावर पार्किंग. धोब्याचा दगड? रस्त्याखाली. चिंच? पडली. डोंगराचा उरलेला भाग सोडला, तर पडद्यावर होतं त्यातलं एकही आता गावात नव्हतं. गावात होतं ते पडद्यावर नव्हतं: देऊळ नाही, काकांचं घर नाही, तळं नाही.

हाय तर कशाला काढू.

परत नवघरला जाईपर्यंत मी मनातल्या मनात माफी कशी मागायची ते ठरवत होते. पत्रकात माफीचा मजकूर मी कधी लिहिलेला नाही. शेवटी काकींच्या दारात उभी राहून म्हटलं, “चुकले.”

“बस,” काकी म्हणाल्या. “भाकर खा आधी.”

तांदळाची भाकरी आणि शिराळ्याची भाजी. आमची भाकरी मोडावी लागते. ही पांढरी, मऊ, तिची घडी घालता येते. मी घडी घालून बघितली. काकी माझ्याकडे बघत होत्या.

काकांनीच सांगितलं. “आमचे बापाशीन चालू केला. विहीर बुजवली त्या साली. गणपती दरसाल त्या विहिरीवरशी आमचे घरान यायचा. बाप म्हनला, देव वर्सातून एकदा येतो, त्याला गाव वळखाया नको? वाट चुकंल. म्हणून विहीर पडद्यावर काढली. मंग जे जे गेला ते ते काढत गेलो. जो हाय तो त्याला बाहेर दिसतोच.”

“आमच्या घरी गणपती बसत नाही,” मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. तोंडातून गेलं.

“मंग तुमचे गावान गेलेल्या वस्तू कोन ध्यानात ठेवतो?”

“आम्ही पत्रकं काढतो.”

“ती ट्रंकेत ठेवता?”

आमच्या जुन्या पत्रकांत आता शेंगदाणे मिळतात.

काकांनी माझ्यापुढे एक कागदाची पुडी ठेवली. आत गर्द निळी पूड, सरसात कालवून लावायची. “उद्या तुमची सुनावनी. शुक्रवारी गनपती येल तो रंग वाळाया पाहिजे. तलाव काढू का न्हाय, त्या तू उद्या येऊन सांग.”

“मी कशी सांगणार?”

“तूच तर लिहून आलीस ना, चित्रान तलाव हाय म्हणून.”

बुधवार, कचेरी

कंपनीचा माणूस माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट. त्याने फाइल उघडलीच नाही. मोबाइल काढला आणि वाचायला लागला: “‘थेंबभर पाणी शिल्लक नाही.’ साहेब, हा मजकूर हरकत घेणाऱ्यांचाच आहे. सोबत फोटो.” आणि माझा चिखल साहेबांपुढे धरला.

साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे. मी उठले.

“तो मजकूर माझा आहे आणि तो चूक आहे. मी परभणीची. पाणी जातं आणि परत येतं हे मला माहीत नव्हतं.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. “मग पाणी असल्याचा पुरावा काय? हे पत्रक?”

गठ्ठा माझ्या मांडीवर होता. त्यांच्या हातातल्या प्रतीत तळं चमकत होतं. गप्प राहिले असते तर कदाचित चाललं असतं. पण परवा काका त्या पडद्यासमोर समई लावणार होते.

“तेही चूक आहे,” मी म्हटलं. “चित्रात तळं नाही. ती कोरी जागा आहे. त्या घरात गेलेल्या गोष्टी काढतात. तळं काढलेलं नाही, म्हणजे ते आहे.”

“म्हणजे चित्रात नाही हा असल्याचा पुरावा?”

“हो.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ताई, मी काय लिहून घेऊ यात?”

सर उठले आणि मास्तरकीच्या आवाजात म्हणाले, “काही लिहू नका. येऊन बघा. फक्त भरतीच्या वेळी या.” भरतीच्या वेळांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. कंपनीचा माणूस म्हणाला, पाहणी संध्याकाळी ठेवा, ऊन नसतं. सर म्हणाले, दुपारी बारा. कारकून म्हणाला, बाराला साहेब जेवतात. बऱ्याच वेळाने साहेबांनी लिहिलं: पाहणी गणपतीनंतर, भरतीच्या वेळी. भराव तोपर्यंत नाही. जिंकलो की हरलो, मला कळेना. सरांना विचारलं. तेही म्हणाले, बघू.

संध्याकाळी गाडी होती. आधी नवघरला गेले. काका सरस तापवत बसले होते.

“काढू नका,” मी म्हटलं. “यंदा नको.”

“पुढल्या साली?”

“माहीत नाही.”

काकांनी चुलीवरचं भांडं उतरवलं. पुडी उचलली आणि माझ्या पिशवीत घातली. “ही घेऊन जा. घरान रायली तर हात शिवशिवंल. लागली तर मागवीन.”

पत्रकांचा गठ्ठा परत आणला. पुडी माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली आहे. पाहणी अजून व्हायची आहे. परवा आईला पुडी सापडली. ती म्हणाली, चुन्यात कालवून पुढच्या भिंतीला एक हात मारू, आपलाच रंग आहे, छान दिसेल.

मी म्हटलं, “हात लावू नको. ते तळं आहे.”

आईने पुडी नाकाशी नेऊन वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि होती तशी परत ठेवली.